रंग बसला नाही

दिवसभर मी दात रंगवते.
रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये:
कुणाचा सुळा, कुणाची पटाशीची जोडी.
तंबाखूचा पिवळेपणा मोजून घालायचा,
नाहीतर कवळी कवळीसारखीच दिसते.
रात्री खडकीच्या खोलीत, तसल्याच भिंगाखाली,
शिशाचे गोरे शिपाई.
उंची दीड इंच. साल चव्वेचाळीस. ब्रह्मदेशची आघाडी.

आधी अस्तराचा करडा हात, मग चेहरे.
डोळे काढायचे नाहीत, हा माझा नियम.
हॅटच्या कडेखाली सावली टाकली
की माणूस आपोआप बघायला लागतो.
मग पट्टे, पाण्याची बाटली, पोटरीवरच्या गुंडाळ्या,
तीन शून्यांच्या ब्रशला ओठांनी टोक काढत.
(आई असती तर म्हणाली असती, रंग खातेस गं.)

लीड्सहून हॅरल्डसाहेबांचं पत्र आलं.
काम सुबक आहे, पण बाई, हिरवा एकसारखा नाही.
बारांतले चार फिके, दोन निळसर,
सातव्याच्या खांद्यावर तर चक्क खाकी दिसतेय.
कृपया इतिहासाला धरून.

इतिहासाला धरून.
मी चहा टाकला. तो उतू गेला.

आमचे आजोबा, दगडू सोमाजी पतंगे,
खडकी बाजारामागे एका ठेकेदाराकडे रंगाच्या भट्टीवर.
खाकी कपड्यांचे गठ्ठे यायचे, शिवलेले, बटणांसकट.
जंगलात खाकी उठून दिसते, हिरवे करून द्या.
कधीपर्यंत? कालपर्यंत.
पहिल्या कढईला रंग पुरायचा.
दुसरीत पाणी वाढायचं.
तिसरीला ठेकेदार म्हणायचा, चालतंय रे,
आणि आजोबा बांबूने ढवळत राहायचे,
वाफेत डोळे मिटून.
"रंग बसला नाही," म्हातारपणीसुद्धा म्हणायचे,
लग्नाच्या मांडवात, कुणाच्या दहाव्याला,
समोर जे काही फिकं असेल त्याच्याकडे बघून.
घामाने सुटायचा म्हणे.
शिपायाची पाठ हिरवी, बनियन हिरवं,
बुटात साचलेलं पाणी हिरवं.

नापास झालेला एक शर्ट घरी आला होता.
आईच्या हाती येईतो त्याचं भाकरीच्या टोपलीतलं फडकं झालं होतं,
आणि धुऊन धुऊन ते पुन्हा खाकी.
एकदा मी त्याची दुमड उसवली.
आत, जिथे ऊन आणि साबण पोचले नव्हते,
एक रेघ निघाली, शेवाळासारखी ओली.
एवढाच माझ्याजवळ पुरावा आहे, साहेब.

म्हणून पट्ट्याखाली मी गर्द ठेवते,
खिशाच्या झाकणाखालीही.
खांद्यावर, जिथे बंदूक घासते, तिथे खाकी वर येऊ देते.
चार जण तिसऱ्या कढईतले.
दोघांच्या वेळी नीळ जास्त पडली असावी,
आजोबा तापाने निजले होते त्या आठवड्यात, कुणास ठाऊक.
सातवा परत पाठवू नका. तो बरोबर आहे.

असं लिहिलं. नंतर "कुणास ठाऊक" खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

पाकिटात स्वयंपाकी येतो, खेचर येतं,
बिनतारी यंत्राशी वाकलेला एक जण येतो.
बांबू धरलेला कुणी येत नाही.
साच्यावाल्याला विचारावं असं मनात आलं होतं;
पण कढईवर वाकलेल्या माणसाचा
चेहरा वाफेत कसा रंगवायचा,
मला जमलं नसतं.

सकाळी लॅबमध्ये डॉक्टर बेहरे ओरडले,
"पतंगेबाई, नखं बघा! उद्या कुणाच्या तोंडात हिरवा दात जायचा."
घासली, स्पिरिटने, मग लिंबाच्या सालीने.
थोडं राहिलंच, कडेला.

वडील सांगायचे,
आजोबा भाकरी मोडून भरवायचे तेव्हा
पांढऱ्या पापुद्र्यावर बोटांचे ठसे उमटायचे,
पाच बोटांचे पाच हिरवे.
चव तुरट होती म्हणे.
मी ब्रश ओठांत धरते, आणि बघते.